शिट्टी कुणाची, पासपोर्ट कुणाचा? फुटबॉलवाल्या वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात फुटबॉलवर काय विचारायचं ते विचारा म्हटलं आणि पत्रांचा नुसता पाऊस पडला. निम्म्या पत्रांत प्रश्न नव्हताच, नुसत्या शिव्या होत्या, रेफ्रीला, फेडरेशनला, दोनचार मलापण. ज्यांच्यात शोधून शोधून प्रश्न सापडला ती इथं घेतलीयत. बऱ्याच जणांनी नाव छापू नका म्हणून कळवलंय, तर सगळ्यांची फक्त गावं देतोय.

सर, शाहू स्टेडियमवर मॅच बघताना माझं आणि मामांचं कायम वाजतंय. मामा म्हणतात शिट्टी व्हायच्या आत फ्री किक मारली तर गोल धरायचाच नाही. मी म्हणतो धरतात की, बंगळुरूच्या सुनील छेत्रीनं केरळ ब्लास्टर्सवर मारलेला धरला का नाही? तर म्हणतात धरला म्हणूनच तर राडा झाला. मिसळीची पैज लागल्या, तुम्हीच मिटवा. (मंगळवार पेठ, कोल्हापूर)

भावा, मिसळ मामांनी द्यायची. पण ब्रेड तू आणायचा, कारण मामा अगदीच चुकलेले नाहीत.

प्रत्येक फ्री किकला शिट्टी लागत नाही. रेफ्रीनं भिंत मागं सरकवायला घेतली, कुणाला कार्ड दाखवलं, कुणी जखमी झाला किंवा बदली खेळाडू आत आला म्हणून खेळ थांबवला, तर मग शिट्टीशिवाय बॉल हलवायचा नाही. हे काही झालं नसेल तर बॉल जागेवर ठेवा, स्थिर करा आणि मारा. समोरचा ९.१५ मीटरच्या आत उभा असला तरी मारायची मुभा आहे, मात्र मग बॉल त्याच्या पायाला लागून अडला तर रडायचं नाही, लवकर मारायची रिस्क तुमची. आणि किक मारूच द्यायची नाही म्हणून कुणी मुद्दाम समोर येऊन उभा राहिला तर त्याला पिवळं कार्ड.

आता ३ मार्च २०२३ ची मॅच घे. बंगळुरूचं कांतीरवा स्टेडियम, आपल्या अव्वल लीगची, म्हणजे आयएसएलची बाद फेरी, ९० मिनिटं शून्य-शून्य आणि एक्स्ट्रा टाइमच्या ९६व्या मिनिटाला फ्री किक. ब्लास्टर्सचा गोलकीपर भिंत लावत होता, छेत्रीनं अलगद बॉल उचलून मोकळ्या गोलात टाकला. रेफ्रीनं गोल दिला आणि ब्लास्टर्सचे कोच वुकोमानोविच टीम घेऊन मैदानाबाहेर गेले ते गेलेच. मॅच बंगळुरूला दिली, ब्लास्टर्सना ४ कोटींचा दंड झाला, कोचवर १० मॅचची बंदी. छेत्रीचं म्हणणं असं की मी रेफ्रीला आधीच सांगितलं होतं, शिट्टी नको आणि भिंतही नको. तसं असेल तर गोल नियमात बसतो.

पण फाउल झाल्यावर बराच वेळ गेला होता, सगळे चालतचालत जागा घेत होते, आणि लवकर म्हणजे नक्की किती सेकंद हे नियमाच्या पुस्तकात कुठंच नाहीय. अशा वेळी रेफ्रीनं हातानं एक खूण जरी केली असती, की बाबांनो ही शिट्टीवर नाही तर अशीच जाणार आहे, तरी अर्धं भांडण तिथंच संपलं असतं. माझं मत विचारशील तर गोल बरोबर, रेफ्रीचं वागणं मात्र कच्चं, आणि टीम बाहेर काढणं हे तर शुद्ध आडमुठेपणाचं, कारण अजून जवळजवळ २५ मिनिटं खेळ शिल्लक होता आणि एक गोल काय फिटत नाही होय? तुमच्याकडं तर शेवटच्या मिनिटाला दोनदोन फिटलेले बघितलेत मी.

दादा, कतारनं दोहात आपल्यावर बाहेर गेलेला बॉल आत ओढून गोल केला. अख्ख्या जगानं बघितलं. मग फिफानं मॅच परत का नाही खेळवली? वशिला नाही म्हणून? (डोंबिवली)

वशिल्याचा संबंध नाही हो, पण तुमचा राग मला कळतो. ज्यांच्या डोळ्यांसमोरून गेलं असेल त्यांच्यासाठी परत सांगतो. ११ जून २०२४, वर्ल्ड कप क्वालिफायरची दुसरी फेरी, छांगतेच्या गोलमुळे आपण १-० नं पुढे, असंच राहिलं असतं तर इतिहासात पहिल्यांदा तिसऱ्या फेरीत. ७३व्या मिनिटाला कतारचं हेडर आपला गोलकीपर गुरप्रीतनं अडवलं, बॉल त्याच्याजवळून घरंगळत गोललाइनच्या पलीकडे गेला, खांबाच्या बाजूनं, म्हणजे कॉर्नर. आपली पोरं थांबलीसुद्धा. तेवढ्यात कतारच्या एकानं बॉल पायानं आत ओढला, यूसुफ आयमेननं ढकलला, आणि कोरियन रेफ्रीनं गोल दिला. त्या फेरीला व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ बघून निर्णय तपासायची सोय, नव्हतं. पुढं ८५व्या मिनिटाला अजून एक खाल्ला आणि खेळ खलास.

फेडरेशननं तक्रार केली, पण हाती काही लागलं नाही, आणि ते का लागलं नाही हे समजून घ्या. रेफ्रीच्या चुका दोन जातीच्या असतात. एक म्हणजे त्यानं बघितलं चुकीचं: बॉल बाहेर होता त्याला आत वाटला, हात लागला तो दिसला नाही, ऑफसाइड सुटला. ही मैदानावरची वस्तुस्थिती, तिथं त्याचा शब्द शेवटचा, खेळ पुन्हा सुरू झाला की विषय संपला, मग फोटो घेऊन झुरिकला फिफाच्या दारात गेलात तरी. दुसरी जात म्हणजे त्यानं बघितलं बरोबर पण नियमच चुकीचा लावला. तिथं मात्र मॅच परत खेळवल्याचं उदाहरण आहे आणि ते फार मजेशीर आहे.

२००५, ताश्कंद, वर्ल्ड कपचा प्लेऑफ, उझबेकिस्तान विरुद्ध बहरीन. उझबेक १-० नं पुढे, त्यांना पेनल्टी मिळाली, त्यांनी ती मारली, पण त्यांचाच एक गडी आधीच बॉक्समध्ये घुसला होता. नियम म्हणतो पेनल्टी परत घ्या. जपानी रेफ्रीनं काय केलं, गोल रद्द करून बहरीनला फ्री किक दिली. मॅच १-० नं उझबेकिस्ताननंच जिंकली तरी ते फिफाकडे गेले, म्हणाले आम्हाला ३-० विजय द्या. फिफानं मान्य केलं की नियम चुकला आणि सांगितलं, मॅच पहिल्यापासून खेळा. परत खेळले, १-१. मग बहरीनला शून्य-शून्य आणि परक्या मैदानावरच्या गोलवर बहरीन पुढं! हातातला विजय अर्ज करून घालवला बिचाऱ्यांनी.

तर दोहाची चूक पहिल्या जातीची होती. त्यावर इलाज म्हणजे मैदानावर कॅमेरा, दुसरा नाही. आणि व्हीएआर महाग आहे, एवढे कॅमेरे, वेगळी खोली, वेगळे रेफ्री, हे रडगाणं ऐकून कंटाळा आलाय, कारण फिफानंच २०२४ पासून स्वस्तातला प्रकार चालू केलाय, फुटबॉल व्हिडिओ सपोर्ट नावाचा. त्यात वेगळा व्हिडिओ रेफ्री नसतो, कोचला प्रत्येकी दोन वेळा दाद मागता येते, रेफ्री स्वतः बाजूच्या स्क्रीनवर जाऊन बघतो, आणि दाद बरोबर ठरली तर ती शिल्लक राहते. क्रिकेट बघणाऱ्या माणसाला हे समजवायला दोन मिनिटंपण लागणार नाहीत. आपल्याकडं हे आधी यायला पाहिजे.

सिंगापूरनं फातोर्ड्यात येऊन आपल्याला हरवलं, दोन्ही गोल मूळच्या कोरियन माणसानं मारले. हाँगकाँगनं हरवलं, गोल मूळच्या ब्राझिलियननं मारला. सगळं जग बाहेरची माणसं घेतंय आणि आपण ओसीआयवाल्या, म्हणजे परदेशी पासपोर्टच्या, आपल्याच रक्ताच्या पोरांना घेत नाही. हा नागरिकत्वाचा कायदा बदलायला कुणाचं काय जातंय? (फोंडा, गोवा)

भाऊ, हा प्रश्न एकवीस जणांनी तरी विचारलाय, तुमचा निवडला कारण तुम्ही स्टेडियममध्ये होता असं पुढं लिहिलंय. १४ ऑक्टोबर २०२५, छांगतेनं आपल्याला पुढं नेलं, मग साँग उइ-यंगनं हाफटाइमच्या आधी एक आणि नंतर एक मारला आणि २०२७ च्या एशियन कपचं दार बंद झालं. घरच्या मैदानावर!

पण आधी कायदा बघू, कारण यावर जेवढ्या अफवा आहेत तेवढ्या दुसऱ्या कशावर नसतील.

आपल्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्यात दोन पासपोर्ट चालत नाहीत. भारतीय माणसानं स्वतःहून दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की त्याच क्षणी त्याचं भारतीय नागरिकत्व गेलं, वेगळा अर्ज, वेगळी नोटीस काही लागत नाही. ओसीआय कार्डाच्या नावात सिटिझन शब्द असला तरी ते नागरिकत्व नाही, तो आयुष्यभराचा व्हिसा समजा, जोडीला काही सवलती. मतदान नाही, निवडणूक नाही. आणि डिसेंबर २००८ मध्ये क्रीडा मंत्रालयानं ठरवून टाकलं की भारताकडून खेळायचं तर भारतीय पासपोर्ट पाहिजे. फिफाचं म्हणणंही तेच, ज्या देशाकडून खेळायचं त्याचं नागरिकत्व पाहिजे. म्हणजे मंत्रालयाचा नियम उद्या उडवला तरी फुटबॉलमध्ये ओसीआयवाला खेळू शकत नाही. हे लक्षात न घेता लोक मंत्र्यांना पत्रं लिहितात.

आता गंमत बघा. सिंगापूरही दोन पासपोर्ट चालू देत नाही. इंडोनेशियाही मोठ्या माणसांना देत नाही, तरी नेदरलँड्समध्ये जन्मलेली पोरं घेऊन ते वर्ल्ड कप क्वालिफायरच्या चौथ्या फेरीपर्यंत पोचले. म्हणजे एकच पासपोर्ट ही अडचण आहे, पण त्यावरून पुढं जाता येतं.

आणि आपल्या कायद्यात रस्ता आहे हो. ज्याचे आईवडील, दोघांपैकी एक जरी, पूर्वी स्वतंत्र भारताचे नागरिक होते आणि जो अर्जाच्या आधी १२ महिने भारतात राहिलाय त्याला नोंदणी करून नागरिकत्व मागता येतं. पाच वर्षं ओसीआय असून १२ महिने इथं राहिलेल्यालाही मागता येतं. फक्त आधीचं सोडावं लागतं. खेळाडूंनी हे केलेलंय. इझुमी अराता आठवतो? जपानी आई, गुजराती वडील, पुणे एफसीचा मिडफिल्डर, बालेवाडीत त्याचा डावा-उजवा पाय कुठला खरा हेच कळायचं नाही. त्यानं जपानचा पासपोर्ट सोडून २०१२ मध्ये भारताचा घेतला आणि २०१३ मध्ये निळी जर्सी घातली. नंतर आता २०२५ च्या नोव्हेंबरात बंगळुरूच्या रायन विल्यम्सनं ऑस्ट्रेलियाचा सोडला. पर्थचा मुलगा, आई मुंबईत जन्मलेली, आजोबा लिंकन ग्रोस्टेट १९५० च्या दशकात बॉम्बेकडून संतोष ट्रॉफी खेळलेले. ऑस्ट्रेलियाच्या सीनियर टीमकडून तो एकच मैत्रीपूर्ण सामना खेळला होता, त्यामुळं फिफाकडून बदल करून मिळण्यासारखा होता. तरी ढाक्यात बांगलादेशविरुद्ध तो उतरू शकला नाही, का, तर कागद वेळेत आले नाहीत. आपण १-० नं हरलो.

दोघांत एवढा मोठा खंड का, हा खरा प्रश्न. विचार करा, इंग्लंडात किंवा हॉलंडात २२ वर्षांचा पोरगा आहे, बरा खेळतो. भारतीय पासपोर्ट घेतला की युरोपात मोकळेपणानं काम करायचा हक्क गेला, प्रत्येक क्लबला त्याच्यासाठी वर्क परमिट काढावं लागणार, आणि आपलं फिफा रँकिंग शंभराच्या बरंच खाली असल्यानं ते मिळणं अजून अवघड. मायकल चोप्रानं इंग्लंडात प्रीमियर लीग खेळताना भारताचा विचार बोलून दाखवला होता, शेवटी आला तो २०१४ मध्ये केरळ ब्लास्टर्सकडून क्लब फुटबॉल खेळायला. विल्यम्सनं पासपोर्ट बदलला तेव्हा तो बत्तिशीत होता. हे असंच होणार, करिअरच्या उतारावरचे येणार, आणि त्यांचे आपण आभारच मानायचे.

पण त्याहून महत्त्वाचं सांगतो. साँग उइ-यंग काही विमानातून उतरून थेट फातोर्ड्यात आला नव्हता. तो पोरवयात सिंगापूरला गेला, होम युनायटेडच्या तरुणांच्या टीममधून वर आला, वर्षानुवर्षं तिथल्या लीगमध्ये खेळला, २०२१ मध्ये नागरिक झाला. हाँगकाँगच्या स्तेफान परेराचंही तसंच, बरीच वर्षं तिथल्याच लीगमध्ये घासलीयत त्यानं. रक्ताचं नातं नसेल तर मोठेपणी आलेल्याला फिफालाही किमान ५ वर्षांचं वास्तव्य दाखवावं लागतं. म्हणजे आधी लीग, मग राहणं, मग पासपोर्ट. आपल्याकडं कायदा म्हणतो १२ महिने येऊन राहा, आणि त्याच २०२५ च्या उन्हाळ्यापासून आपली अव्वल लीग बंद पडून होती! कुणी कशाला येऊन राहील, समुद्र बघायला?

शॉर्टकट मारणाऱ्यांचं काय होतं तेपण बघून ठेवा. मलेशियानं जून २०२५ मध्ये व्हिएतनामला ४-० नं लोळवलं, सप्टेंबरात फिफानं सांगितलं की सात खेळाडूंच्या आजीआजोबांचे जन्मदाखले बनावट आहेत. कागदावर जन्म मलेशियातला, मूळ नोंदी निघाल्या अर्जेंटिना, ब्राझील, स्पेन आणि नेदरलँड्समध्ये. सातही जणांना वर्षभराची बंदी आणि त्यांच्या फेडरेशनला साडेतीन लाख स्विस फ्रँकचा दंड.

आम्ही मूळचे डिचोलीचे. मी आणि मिस्टर दोघांनी पोर्तुगीज नागरिकत्व घेतलं आणि इथं आलो, मुलगा नंतर इथंच झाला, त्याचाही पासपोर्ट पोर्तुगीज. आता १५ वर्षांचा आहे, चांगला खेळतो, आजोबांमुळे भारताचं वेड आहे. त्याला भारताकडून खेळता येईल का? आत्ताच गोव्यातल्या एखाद्या ॲकॅडमीत पाठवू का? (स्विंडन, इंग्लंड)

ताई, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी, कारण ते घाईचं आहे: नका पाठवू. १८ वर्षांच्या आत खेळाडूची एका देशातून दुसऱ्या देशात बदली फिफा होऊ देत नाही, अपवाद आहेत पण मोजके, उदाहरणार्थ आईवडीलच फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणानं तिकडं राहायला गेले तर. नुसतं पोराला आजीकडं ठेवून नोंदणी होणार नाही, आणि त्याचं एक वर्ष फुकट जाईल. काही एजंट होतं म्हणून सांगतात, पैसे घेतात आणि मग फोन उचलत नाहीत.

आता मोठा प्रश्न. गोव्यात १९ डिसेंबर १९६१ च्या आधी जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलानातवंडांना पोर्तुगालनं नागरिकत्वाचं दार उघडं ठेवलं, त्यातून तुमच्यासारखी हजारो कुटुंबं तिकडं गेली, यात कमीपणा काही नाही. पण तुम्ही दोघांनी ते घेतलं तेव्हा तुमचं भारतीयत्व कायद्यानं संपलं, आणि मुलगा त्यानंतर झाला म्हणजे तो कधीच भारतीय नागरिक नव्हता. तो आज भारताकडून खेळू शकत नाही, ज्युनियर टीमकडूनही नाही.

१८ पूर्ण झाल्यावर मात्र वर सांगितलेला रस्ता त्याला लागू पडतो, कारण तुम्ही दोघं पूर्वी भारताचे नागरिक होता. सलग १२ महिने भारतात राहणं, मग अर्ज, मग शपथ, आणि पोर्तुगीज पासपोर्टावर पाणी सोडणं. हे शेवटचं त्याला आत्ताच नीट समजावून सांगा. उद्या फुटबॉल जमलं नाही तर स्विंडनला परत यायला त्याला व्हिसा लागू शकतो, आईबापाच्या घरी यायला. ओसीआय कार्ड अजून काढलं नसेल तर काढून ठेवा, त्यात तोटा काही नाही. आणि तोवर तो कुठल्या देशाच्या टीमकडून अधिकृत सामना खेळला तर तारीख, वय, सामन्याचा प्रकार सगळं लिहून ठेवा, पुढं देश बदलायचा म्हटलं तर फिफा नेमकं तेच विचारतं.

आजोबांना नमस्कार सांगा.

पुण्यातून एवढे क्लब निघाले आणि एवढे बुडाले, आम्ही कुणाची जर्सी घालायची ते तरी सांगा. घरात तीन पडल्यात, तिन्ही क्लब गेले. (कोथरूड, पुणे)

काका, तीनच? पुणे एफसी २०१२-१३ मध्ये आय-लीगमध्ये, म्हणजे तेव्हाच्या अव्वल लीगमध्ये, दुसरे आले होते, २०१५ मध्ये गाशा गुंडाळला. भारत एफसी एकच सीझन टिकलं. डीएसके शिवाजीयन्स २०१७ ला बाहेर. एफसी पुणे सिटी २०१९ ला बंद आणि त्यांची जागा गेली हैदराबादला. मुंबईकडं बघाल तर महिंद्रा युनायटेड २०१० ला, मुंबई एफसी २०१७ ला. गोव्यात साळगावकर, स्पोर्टिंग आणि पाच वेळा देश जिंकलेलं धेंपो तिघंही २०१६ मध्ये आय-लीगमधून बाहेर पडले, त्यातलं धेंपो तेवढं २०२४ मध्ये परत आलं.

कारण प्रत्येकाचं वेगळं सांगतात पण मूळ एकच. मालकाचा धंदा किंवा मालकाचा मूड बदलला की क्लब संपतो, कारण मालकाशिवाय त्याचं कुणी नसतंच. मैदान भाड्याचं, मेंबर नाहीत, तिकिटाच्या पैशांत बसचा खर्चसुद्धा निघत नाही. याउलट कोल्हापुरात पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, ही सगळी पेठेची, तालमीची मंडळं. पैसा कमीच, भांडणं भरपूर, पण मंडळ बंद कर म्हणायची कुणाची टाप नाही. जर्सी त्यातली एखादी घ्या. पेठ विचारतील, उत्तर तयार ठेवा.

मँचेस्टर सिटीवाला सिटी ग्रुप मुंबई सिटी सोडून गेला. आता आमचं काय? (अंधेरी)

लगेच काही बुडत नाही. सिटीवाल्यांनी २०१९ मध्ये ६५ टक्के घेतले होते, त्यांच्या काळात तुम्ही दोन कप आणि गुणतक्त्यात पहिलं आल्याच्या दोन शील्ड बघितल्यात, तेवढं पुष्कळ क्लबना जन्मात मिळत नाही. २०२५ च्या डिसेंबरात ते बाहेर पडले, कारण सरळ होतं. फेडरेशनचा आणि लीग चालवणाऱ्या कंपनीचा करार त्याच महिन्यात संपत होता, टेंडर काढलं तर बोली लावायला एकही जण आला नाही, लीग कोण चालवणार हेच कुणाला माहीत नव्हतं. क्लब जुन्या मालकांकडं परत गेला. लीग शेवटी १४ फेब्रुवारी २०२६ ला सुरू झाली, १४ टीम, एकमेकांशी एकदाच, एकूण ९१ सामने. तुम्ही एक करा, अंधेरीच्या स्टेडियमवर जात राहा. रिकाम्या खुर्च्या बघून कुठला नवा पार्टनर येणार आहे?

चर्चिल ब्रदर्सला ट्रॉफी देऊन झाली आणि परत इंटर काशीला चॅम्पियन केलं, हा कुठला न्याय? (मडगाव)

न्याय बरोबर, पद्धत लाजिरवाणी. २०२४-२५ च्या आय-लीगमध्ये, म्हणजे आता दुसऱ्या पायरीच्या लीगमध्ये, नामधारीनं इंटर काशीला २-० हरवलं, पण त्यात नामधारीचा एक खेळाडू चार पिवळ्या कार्डांमुळे खेळायलाच नको होता. फेडरेशनच्या एका समितीनं काशीला ३ गुण दिले, वरच्या समितीनं काढून घेतले, चर्चिल ४० गुणांवर चॅम्पियन, काशी ३९ वर. प्रकरण स्वित्झर्लंडच्या क्रीडा लवादाकडं गेलेलं असताना इकडं ट्रॉफी वाटून मोकळे झाले. लवादानं काशीचे गुण परत दिले, दुसऱ्या एका खेळाडूच्या नोंदणीवरून झालेली तक्रारही काशीच्या बाजूनं सुटली आणि १८ जुलै २०२५ ला ४२ गुणांनी काशी चॅम्पियन. चर्चिलच्या पोरांनी मैदानात काही चोरलं नव्हतं, म्हणून तुमचं दुःख खरं आहे. पण चार पिवळी कार्डं मोजायला जानेवारी ते जुलै लागतात हे जास्त वाईट.

आमच्या कॉलेजच्या मॅचमध्ये गोलकीपरनं बॉल धरून ठेवला म्हणून समोरच्यांना कॉर्नर दिला. कॉर्नर? असं कुठं असतं का बे? (नागपूर)

असतं ना भाऊ, जुलै २०२५ पासून आहे. आधी ६ सेकंद होते आणि शिक्षा बॉक्समधली इनडायरेक्ट फ्री किक, जी कुठलाच रेफ्री द्यायचा नाही. आता ८ सेकंद, त्यातले शेवटचे ५ रेफ्री हात वर करून बोटांवर मोजून दाखवतो, आणि ओलांडले की कॉर्नर. गोलकीपरला सांग, रेफ्रीचा हात वर गेला की बॉल सोड.